उघडी ठेवलेली रफ वही

अकरावी-बारावीला सायन्स घेतलेल्या प्रत्येकाकडे दोन वह्या असायच्या. एक जर्नल, एक रफ वही. जर्नलला खाकी कव्हर, पेन्सिलीने काढलेल्या स्वच्छ आकृत्या, एकसारखी रीडिंगं आणि पहिल्या पानावरच्या सर्टिफिकेटवर सरांची सही. रफ वहीत खाडाखोड, चुकलेलं टायट्रेशन, कडेला ‘पुन्हा करणे’ असं लिहिलेलं, एखाद्या पानाला ॲसिडने पडलेलं भोक. परीक्षेला जर्नलच लागायचं. पण प्रयोग खरा कुठे झाला होता हे कुणी विचारलं असतं, तर रफ वहीच उघडावी लागली असती.

पुढे संशोधनात आल्यावर दिसलं, की मोठ्यांच्या जगातही तेच आहे. शोधनिबंध छापणाऱ्या नियतकालिकालाही जर्नलच म्हणतात आणि त्यात जातो तो फेअर केलेला मजकूर. सहा महिने वाया गेलेला रस्ता तिथे दिसत नाही. मग काही प्राध्यापक आणि पीएचडी करणारी मुलं स्वतःचा ब्लॉग का चालवत बसतात? त्याचे पैसे मिळत नाहीत, बढतीच्या फॉर्मात त्याला धड रकाना नसतो आणि गाइडच्या कपाळावर आठी येते ती वेगळीच. या प्रश्नाचं उत्तर मला एका प्रकरणात जितकं स्वच्छ दिसतं तितकं दुसरीकडे दिसलेलं नाही. म्हणून ते प्रकरण इथे सुरुवातीपासून मांडतो.

सोमलावर जगणारा जिवाणू

२०१०च्या नोव्हेंबरअखेर नासाने पत्रकारांना निरोप धाडला. परग्रहांवरच्या जीवसृष्टीच्या शोधावर परिणाम करणारा एक निष्कर्ष २ डिसेंबरला जाहीर होणार, असा त्याचा आशय होता. तर्कांना ऊत आला. गुरुवारी पत्रकार परिषद झाली आणि त्याच दिवशी ‘सायन्स’ या नियतकालिकाने फेलिसा वुल्फ-सायमन आणि त्यांच्या अकरा सहकाऱ्यांचा शोधनिबंध आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध केला.

जिवाणू सापडला होता कॅलिफोर्नियातल्या मोनो लेकमध्ये. हे सरोवर खारट, कमालीचं अल्कधर्मी आणि आर्सेनिकने भरलेलं. जिवाणूचं नाव जीएफएजे-१. ही अक्षरं ‘गिव्ह फेलिसा अ जॉब’, म्हणजे फेलिसाला नोकरी द्या, या शब्दांची आहेत. मुदतीच्या फेलोशिपवर काम करणाऱ्या तरुण संशोधक बाईने आपल्या जिवाणूला हे नाव दिलं होतं, हे लक्षात ठेवा. पुढे त्याचा संबंध येतो.

दावा काय होता? आवर्तसारणीत फॉस्फरसच्या बरोबर खालच्या घरात आर्सेनिक बसतं. दोघांचं रसायन इतकं जवळचं की पेशी फसते आणि फॉस्फेट (ऑक्सिजनशी जोडलेला फॉस्फरस) समजून आर्सेनेट (तसंच जोडलेलं आर्सेनिक) आत घेते. आपण ज्याला सोमल म्हणतो त्या कुळाच्या विषारीपणामागे हीही एक गोष्ट आहे. डीएनएच्या दोन्ही बाजूंचा जो कणा असतो, तो साखर आणि फॉस्फेट यांच्या आलटून पालटून आलेल्या दुव्यांनी बनतो. वुल्फ-सायमन यांच्या गटाचं म्हणणं असं, की फॉस्फेट न देता भरपूर आर्सेनेट दिलं तर हा जिवाणू मरत नाही, वाढतो, आणि डीएनएमध्ये फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक बसवतो. हे खरं असतं तर शाळेपासून शिकवलेलं जीवरसायनशास्त्राचं पहिलं पानच बदलावं लागलं असतं.

शनिवारची नोंद

व्हँकुव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठात रोझी रेडफील्ड या सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापक होत्या. जिवाणू बाहेरचा डीएनए आत का आणि कसा ओढून घेतात, हा त्यांचा अनेक वर्षांचा विषय. हिमोफिलस इन्फ्लुएंझा हा त्यांचा नेहमीचा जिवाणू. २००६पासून त्या ‘आरआररिसर्च’ नावाचा ब्लॉग लिहीत होत्या. तिथे विज्ञान सोपं करून सांगण्याचा खटाटोप नव्हता. आज कोणता प्रयोग लावला, का फसला, उद्या काय करायचं, अनुदानाच्या अर्जात कोणता युक्तिवाद लंगडा पडतोय, असा सगळा कच्चा माल असायचा. वाचक मोजके, तेही बहुतेक त्याच क्षेत्रातले.

शनिवारी, ४ डिसेंबरला, त्यांनी त्या शोधनिबंधावर एक लांबलचक नोंद लिहिली. सुरुवातीला तो नीट समजून घ्यावा, एवढाच बेत असावा असं ती वाचताना वाटतं. एकेक आकृती घेऊन, हातात पेन्सिल धरून वाचावं तसं ते वाचन आहे.

त्यातला पहिला मुद्दा साध्या हिशेबाचा. जिवाणू वाढवायच्या ज्या पोषक द्रावणात, म्हणजे माध्यमात, ‘फॉस्फेट नाही’ असं म्हटलं होतं, त्यातही इतर क्षारांबरोबर आलेलं सुमारे ३ मायक्रोमोलर फॉस्फेट होतंच आणि लेखकांनी स्वतःच तो आकडा दिला होता. ३ मायक्रोमोलर म्हणजे लिटरमागे साधारण एक तृतीयांश मिलिग्रॅमपेक्षाही कमी. मुद्दाम फॉस्फेट घातलेल्या माध्यमात १.५ मिलिमोलर होतं, म्हणजे ५०० पट. फरक प्रचंड दिसतो. पण जिवाणूची एक पेशी बनायला फॉस्फरस किती लागतो आणि त्या फ्लास्कमध्ये पेशी किती वाढल्या, याचा हिशेब रेडफील्ड यांनी मांडला, तेव्हा तेवढ्या वाढीला ती अशुद्धीच पुरी पडत होती. आर्सेनिकची गरजच उरत नव्हती.

दुसऱ्या मुद्द्याशी मी जरा थांबतो, कारण हे काम मी हाताने केलेलं आहे. पेशींतून डीएनए काढला की तो ॲगारोज जेलच्या खाचेत भरतात आणि वीज सोडतात. डीएनए हळूहळू पुढे सरकतो. मग अंधाऱ्या खोलीत जेल यूव्हीच्या पेटीवर ठेवायचं. चमकणारा पट्टा दिसला की ब्लेडने तेवढाच तुकडा कापून घ्यायचा. हातात येतो तो बोटाच्या पेराएवढा, जेलीसारखा थरथरणारा ठोकळा. त्यात डीएनए असतो अगदी थोडा. बाकी सगळं ॲगारोज, पाणी आणि त्या पाण्यात विरघळून आलेलं जे काही असेल ते. म्हणून पुढची पायरी कुणीच गाळत नाही. तुकडा वितळवून, बारीक गाळणीवर डीएनए अडकवून, दोनदा धुऊन घ्यायचा. पंधरा-वीस मिनिटांचं काम. एमएस्सीच्या मुलाने हे धुणं टाळलं तर त्याला पुन्हा पहिल्यापासून करायला लावतात.

शोधनिबंधातलं मोजमाप अशा न धुतलेल्या तुकड्यावरचं होतं. ज्या पेशी ४० मिलिमोलर आर्सेनेटच्या द्रावणात वाढल्या, त्यांच्या डीएनएबरोबर आर्सेनेटचे चार कण चिकटून आले तर नवल ते काय. रेडफील्ड यांनी नेमकं त्यावर बोट ठेवलं. तुम्हाला सापडलेलं आर्सेनिक डीएनएच्या कण्यात आहे की नुसतं आसपास, हे या मोजणीतून कळतच नाही.

तिसरा मुद्दा रसायनाचा. तो दुसऱ्याच दिवशी हार्वर्डमधले पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतर मुदतीच्या जागेवर संशोधन करणारे, ॲलेक्स ब्रॅडली यांनी वेगळ्या ब्लॉगवर पाहुणा लेखक म्हणून ठळकपणे मांडला. आर्सेनेटचे असे दुवे पाण्यात क्षणात तुटतात. डीएनएचा कणा खरोखर आर्सेनेटचा असता, तर पाण्यातून काढताना त्याचे तुकडे तुकडे व्हायला हवे होते. जेलवर तर तो लांबच्या लांब, धडधाकट दिसत होता.

दोन दिवसांत रेडफील्ड यांची नोंद जगभर पोचली. ७ डिसेंबरला विज्ञानलेखक कार्ल झिमर यांनी अनेक तज्ज्ञांना गाठून लेख लिहिला, त्यातही बहुतेकांचं मत शंकेचंच होतं. म्हणजे शंका पुष्कळांच्या मनात होत्या. हिशेबासकट त्या चारचौघांत मांडल्या गेल्या त्या एका प्राध्यापकाच्या खाजगी पानावर.

तिथेच का?

नासाच्या प्रवक्त्याचं म्हणणं होतं, की अशी चर्चा शास्त्रीय नियतकालिकांत व्हावी, ब्लॉगवर नव्हे. शोधनिबंधाच्या लेखकांनीही सुरुवातीला तीच भूमिका घेतली. प्रतिवाद आमच्या निबंधासारखाच तपासून घेतलेला असावा, असं त्यांचं म्हणणं. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. उठसूट कुणीही काहीही लिहावं आणि शास्त्रज्ञांनी दिवसभर खुलासे करत बसावं, हे कुणालाच परवडणारं नाही. रेडफील्ड यांनीही रीतसर वाट सोडली नाही. ब्लॉगवरचेच आक्षेप नीट बांधून त्यांनी ‘सायन्स’ला पाठवले. ते आणि इतर मिळून आठ आक्षेप, लेखकांच्या उत्तरासह, २७ मे २०११ला ऑनलाइन प्रसिद्ध झाले. पाच महिने आणि पंचवीस दिवस. तेवढ्यात दावा पाठ्यपुस्तकाच्या दारापर्यंत जाऊन आला असता.

पण वेग हे त्यातलं वरवरचं कारण आहे. मला महत्त्वाची वाटते ती आधीची चार वर्षं. वर्तमानपत्राने फोन केला म्हणून रेडफील्ड यांनी मत दिलं असतं, तर ते एका वाक्याचं असतं. त्यांना रोज कागदावर विचार करायची सवय होती, स्वतःच्या प्रयोगांची चिरफाड त्या याच भाषेत करत होत्या, म्हणून दुसऱ्याच्या निबंधाचा हिशेब शनिवारच्या दिवसात मांडून झाला. वाचणारे मूठभर असतानाही त्या लिहीत राहिल्या होत्या. पीएचडीच्या मुलांना मी हेच सांगतो की ब्लॉग वाचकांसाठी असतो हे अर्धंच खरं. लिहिताना ज्या वाक्याशी पेन अडतं, तिथेच आपल्याला समजलेलं नसतं. गाइडसमोर मान डोलावून ते लपवता येतं, उघड्या पानावर लपत नाही.

आणखी एक गोष्ट. ‘मला हे अजून कळलेलं नाही’ असं म्हणायला नियतकालिकात जागाच नाही. शोधनिबंधात शंका येते ती शेवटच्या परिच्छेदात, तीही इस्त्री करून. सेमिनारमध्ये विचारावं तर पहिल्या रांगेतली मंडळी वळून बघतात. ब्लॉग ही त्या वाक्याची हक्काची जागा आहे.

पुन्हा प्रयोगाच्या टेबलापाशी

हे प्रकरण टीकेवर संपलं असतं तर मी ते निवडलं नसतं. बोलणं सोपं असतं. रेडफील्ड यांनी जिवाणू मागवला. लेखकांनी तो देऊ केला होता आणि दिलाही, ही त्यांची बाजू आवर्जून नोंदवली पाहिजे. २०११च्या उन्हाळ्यात व्हँकुव्हरमध्ये फ्लास्क लागले आणि ब्लॉगवर रोजचा हिशेब सुरू झाला.

पहिली अडचण अगदी क्षुल्लक वाटावी अशी. छापील कृतीप्रमाणे माध्यम बनवलं तरी जिवाणू वाढेना. जो वाढतच नाही, त्याच्यात आर्सेनिक आहे की नाही हे तपासणार कसं? ज्याने हे काम केलंय त्याला ते दिवस माहीत असतात. सकाळी इन्क्युबेटर उघडायचा, फ्लास्क उजेडासमोर धरायचा, गढूळपणाचा मागमूस नाही. पाणी चुकलं का, क्षार जुने होते का, भांडं नीट धुतलं नव्हतं का. हे सगळे प्रश्न उघड विचारले जात होते आणि वाचणारे सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सूचना करत होते. शेवटी माध्यमात थोडं ग्लुटामेट, म्हणजे एक साधं अमिनो आम्ल, घातलं तेव्हा जिवाणू वाढला.

मग डीएनए काढून, नीट शुद्ध करून प्रिन्स्टनला गेला. तिथे लिओनिद क्रुग्ल्याक आणि जोशुआ रॅबिनोविट्झ यांच्याकडे काम करणाऱ्या मार्शल रीव्ह्स या पीएचडीच्या विद्यार्थ्याने मास स्पेक्ट्रोमेट्रीने, म्हणजे रेणूंच्या वस्तुमानावरून ते ओळखण्याच्या तंत्राने, तो तपासला. डीएनएमध्ये आर्सेनेट आढळलं नाही. जानेवारी २०१२च्या अखेरीस मसुदा आर्काइव्ह (arXiv) या छापण्याआधीचे मसुदे ठेवणाऱ्या संकेतस्थळावर सगळ्यांना वाचायला खुला झाला, जुलैमध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आला. पहिलं नाव रीव्ह्स यांचं, शेवटचं रेडफील्ड यांचं.

त्याच वेळी ‘सायन्स’मध्येच झुरिचच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या गटाचा स्वतंत्र निबंध आला. त्यांचा निष्कर्ष असा, की जीएफएजे-१ आर्सेनेट सहन करतो, पण फॉस्फेटशिवाय त्याचं चालत नाही. पुढे ऑक्टोबरमध्ये इस्रायलच्या वाइझमान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी ‘नेचर’मध्ये दाखवलं, की या जिवाणूचं फॉस्फेट धरणारं प्रथिन आर्सेनेटपेक्षा फॉस्फेटला हजारो पटींनी अचूक ओळखतं. आर्सेनिकच्या समुद्रातून तो फॉस्फेटचा एकेक कण वेचून घेतो. मूळ दाव्यापेक्षा ही गोष्ट मला कितीतरी सुंदर वाटते. नेमका प्रश्न विचारला गेल्यामुळेच ती हाती लागली.

आपली कल्पना कुणीतरी चोरेल, या भीतीने आपल्याकडची मुलं प्रयोगाबद्दल कँटीनमध्येसुद्धा बोलत नाहीत. प्रत्येक मुलाची भीती निराधार असते असं नाही. पेटंटचा विषय असेल, दुसऱ्याचा डेटा असेल, गाइडची परवानगी नसेल, तर उघड लिहू नये. पण इथे एक बाई महिनोन्महिने सगळं उघड लिहीत होत्या, दुसरा गट त्याच प्रश्नावर काम करत होता, आणि दोघांचं काम एकाच वेळी, एकमेकांना बळ देत प्रसिद्ध झालं.

शब्दांची किंमत

आता न आवडणारा भाग. ४ डिसेंबरच्या नोंदीची भाषा तिखट होती. हिशेब संपल्यावर शेवटाकडे रेडफील्ड यांनी लेखकांच्या कुवतीवर आणि हेतूवरही प्रश्न उपस्थित केला. माझ्या मते ते चुकलं. फॉस्फेटचा हिशेब आणि जेलचा तुकडा यांना त्या वाक्यांचा काडीचाही आधार लागत नव्हता. रफ वहीत माणूस रागाच्या भरात बरंच काही लिहितो, ती मिटलेली असते तोवर चालतं. पण इथे वही उघडी होती आणि शनिवारचं लिखाण सोमवारी चव्हाट्यावर आलं.

समोर कोण होतं? जिवाणूच्या नावातच नोकरी मागणारी संशोधक. रेडफील्ड यांच्या पायाखाली कायम नोकरीची जमीन होती, वुल्फ-सायमन यांच्या पायाखाली नव्हती. पत्रकार परिषदेत नासाच्या व्यासपीठावर त्या मध्यभागी होत्या, पण निबंधावर बारा नावं होती, तपासणारे रिव्ह्यूअर होते, छापणारे संपादक होते, गाजावाजा करणारी यंत्रणा होती. रोष मात्र जास्तीत जास्त एकाच नावावर फुटला. जिथे त्या काम करत होत्या ती प्रयोगशाळा त्यांना २०११मध्ये सोडावी लागली. रेडफील्ड यांना त्या वर्षीच्या अखेरीस ‘नेचर’ने वर्षातल्या दहा महत्त्वाच्या व्यक्तींच्या यादीत घेतलं. एकाच जिवाणूने दोघींना अशा दोन टोकांना नेलं.

हे सगळं ब्लॉगमुळे झालं असं मी म्हणत नाही, पण ब्लॉग चालवणाऱ्याने हे डोळ्यांआड करू नये. पीएचडीचा मुलगा ब्लॉग सुरू करू का म्हणून विचारतो तेव्हा मी त्याला सांगतो, की पहिलं वर्षभर फक्त स्वतःच्या चुका लिही. दुसऱ्याच्या निबंधावर लिहायचं तर आकडे लिही, माणसावर लिहू नको. ब्रॅडली यांच्या त्या लेखात नेमकं हेच आहे. पाण्यात दुवा टिकतो की नाही, बास. तेही तेव्हा कायम नोकरीत नव्हते, आणि त्यांचा लेख आज वाचला तरी एकही शब्द मागे घ्यावासा वाटत नाही.

उशिरा लागलेली सही

२४ जुलै २०२५ला ‘सायन्स’ने मूळ शोधनिबंध मागे घेतला. लबाडी झाली असं संपादकांनी म्हटलेलं नाही. प्रयोग निष्कर्षाला आधार देत नाहीत, एवढंच कारण त्यांनी दिलं. लेखकांनी या निर्णयाला हरकत नोंदवली. डिसेंबर २०१०पासून मोजलं तर साडेचौदा वर्षं झाली होती. ज्या दोन आक्षेपांवर सगळं उभं होतं, फॉस्फेटची अशुद्धी आणि डीएनएचं अपुरं शुद्धीकरण, ते दोन्ही त्या शनिवारच्या नोंदीत आकड्यांसह होते.

ती बातमी आली त्या दिवशी मी आमच्याकडच्या मुलांना मूळ निबंध, आठ आक्षेप आणि रीव्ह्स यांचा निबंध असं सगळं एका पाठोपाठ वाचायला दिलं. संध्याकाळी एक मुलगी विचारायला आली. तिचा स्वतःचा जिवाणू तीन आठवडे वाढत नव्हता. निबंधात ग्लुटामेटचा उल्लेख तिने वाचला होता, पण ते घालायचं सुचलं कसं, आधी काय काय करून पाहिलं, किती दिवस फ्लास्क स्वच्छच राहिला, हे तिला कुठेच सापडेना. मी तिला २०११च्या उन्हाळ्यातल्या ब्लॉगच्या नोंदी काढून दिल्या. ती तिथेच स्टुलावर बसली आणि वही उघडून एकेक नोंद उतरवून घ्यायला लागली.